मेजावर ठेवलेल्या किल्ल्या

स्टेशन रोडला सीताफळांच्या हातगाड्या लागल्या की मी रस्त्याची बाजू बदलते. माझ्या नवऱ्याला याचं फार हसू येतं. सीताफळानं तुझं काय घोडं मारलंय, असं तो दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी एक टोपली घेऊनच घरी येतो. दौलताबादच्या उतारावरची ती फळं, डोळे नुकते उघडलेली, कागदात गुंडाळून तो तांदळाच्या डब्यात घालतो. दोन दिवसांत घरभर तो गोड, जरासा आंबूस वास सुटतो. लोकांना त्या वासानं दिवाळी सरल्याचं कळतं, थंडीची चाहूल लागते. मला मात्र आमच्या चर्चचं दार दिसतं, दाराच्या दोन्ही अंगांना बांधलेली मक्याची धांडं दिसतात आणि पुढं केलेले दोन रिकामे हात दिसतात. मग जेवण जात नाही.

दिवाळीनंतरचा एक रविवार म्हणजे आमच्या मंडळीचा उपकारस्तुतीचा सण. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. आता सगळे शहरात, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, मी शाळेत मराठी शिकवते. पण प्रत्येकाचं कुठं ना कुठं गाव आहे आणि सुगीला गावाकडून काहीतरी आलेलं असतं. पिशोरचा मका, लासूरकडचा कापूस, कुणाच्या गच्चीवरच्या कुंडीतली चार वांगी. ज्याचं कुठंच काही पिकत नाही तो जाधववाडीच्या बाजारातून भोपळा विकत आणतो आणि असा ऐटीत पुढं नेऊन ठेवतो, जणू रात्रंदिवस त्यानंच पाणी धरलं. देवाला खरं काय ते माहीत असतं, आणि आम्हालाही. सगळा माल प्रभूच्या मेजाभोवती रचला जातो. बाजरीच्या कणसांची भुकटी नाकात जाऊन पहिल्या दोन बाकांवरची माणसं शिंकत असतात. उपदेश लांबला की पाय बांधलेल्या कोंबड्या सगळ्यांत आधी तक्रार करतात. आमच्या मनातलं त्या बोलून दाखवतात म्हणून त्यांना कुणी गप्प करत नाही.

याच रविवारी आमच्याकडं आणखी एक गोष्ट व्हायची, जी मी दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये पाहिलेली नाही. वर्षभर चर्चची सेवा करणारी माणसं त्या दिवशी पहिल्या बाकावर बसायची. त्यांनी त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. झाडलोट बँकेतले साहेब करणार, पातेली डॉक्टरीणबाई घासणार, आणि जेवणाची पहिली पंगत सेवकांची. उपासना चालू असताना ती माणसं आपापल्या सेवेची वस्तू घेऊन पुढं जायची आणि मेजावर, धान्याच्या शेजारी ठेवायची. याकोबमास्तर गाण्यांना वाजवायची पेटी ठेवायचे. संडे स्कूल घेणाऱ्या बाई खडूची डबी ठेवायच्या. मार्थाआत्या किल्ल्यांचा जुडगा ठेवायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्यावर हात धरून प्रार्थना करायचे आणि एकेक वस्तू उचलून ज्याची त्याच्या हातात परत द्यायचे. प्रत्येक वेळी सगळी मंडळी उभं राहून म्हणायची, तुमची सेवा चालू राहो. नियम एकच होता, पण कडक. मेजावर ठेवलेलं आपण होऊन उचलायचं नाही. ठेवलं की ते देवाचं झालं. पाळकांनी हातात दिलं तरच ते पुन्हा आपलं.

लहानपणी मला हा नियम भारी आवडायचा. देवाकडं दिलेली वस्तू देव परत करतो, आणि तीही माणसाच्या हातानं, यात मला फार मोठा विश्वास वाटायचा.

मार्थाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचा नवरा चर्चची राखण करायचा, घंटा वाजवायचा. प्रकाश, म्हणजे तिचा मुलगा, अजून शाळेतही जात नव्हता तेव्हा तिचा नवरा वारला. मंडळीतल्या थोरांनी तिला बोलावून विचारलं की बाई, तुझ्यानं दोर ओढवेल का? ती उठली, गेली आणि घंटा वाजवून आली. तेव्हापासून चर्चच्या मागची एक खोली तिची, आणि चर्चही तिचंच. निदान ती तरी तसंच वागायची. एकदा नवे पाळकसाहेब ओल्या फरशीवरून बूट घालून निघाले तर तिनं त्यांना दारातूनच परत फिरवलं. पाळक तुम्ही देवळात, फरशी वाळंस्तवर बाहेर थांबा, असं तिनं सांगितलं, आणि ते थांबले.

शनिवारी दुपारी मी तिच्याकडं जायचे. जुडगा तिच्या कमरेला मोठ्या सेफ्टी पिनेनं अडकवलेला असे. तो ती मला वागवायला द्यायची. थंडगार, जड, तळहाताला लोखंडाचा वास लागायचा तो घरी जाऊन साबणानंही जायचा नाही. मी दारं उघडत पुढं, ती फडकं घेऊन मागं. बाकं पुसताना ती बाकावर बसणाऱ्यांविषयी बोलायची: इथं बसणाऱ्या म्हातारीला वारा लागतो, ती खिडकी उघडायची नाय, ह्यो गडी झोपतो, त्याला खांबाआड बसू दे. प्रभुभोजनात द्राक्षरस द्यायचे छोटे काचेचे प्याले ती स्वतः धुवायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. लिंबाच्या साली, कोमट पाणी, मग पांढऱ्या धोतरावर पालथे. एवढ्या वर्षांत एकाही प्याल्याला टवका गेला नव्हता.

आणि तिची घंटा. पहिले तीन टोल सावकाश, मग दम घेतल्यासारखी जागा, मग भरभर. समोर शिलाईचं दुकान असलेले शब्बीरभाई त्या घंटेवर भिंतीवरचं घड्याळ लावायचे. मार्थाबाई की घंटी झूट नै बोलती, म्हणायचे. मी सासरी गेल्यावरही रविवारी सकाळी माझे कान त्या मधल्या जागेसाठी थांबायचे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. असेच सीताफळांचे दिवस होते. मंडळीचे सेक्रेटरी साळवेसाहेब माझ्या शाळेत आले. साळवेसाहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला मधाळ, शर्टाच्या खिशाला नेहमी दोन पेनं. म्हणाले, यंदा उपकारस्तुतीला आपण मार्थाआत्यांचा सत्कार करायचा म्हणतोय. शाल आणि मानपत्र. आणि मानपत्र तुमच्याशिवाय कोण लिहिणार, मॅडम? शाळेच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. आत्यांनी आयुष्य झिजवलं, आता त्यांना जरा विसावा मिळायला हवा, असं ते म्हणाले. आणखीही काही बोलले, पण माझं लक्ष मानपत्राच्या पहिल्या वाक्यात गुंतलं होतं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. माझ्या आत्यासाठी, आणि त्याहून थोडा जास्त माझ्यासाठी. बावीस वर्षं मुलांच्या निबंधांतल्या चुका काढणाऱ्या बाईला अखेर कुणीतरी चांगलं मराठी लिहायला सांगितलं होतं. आठ दिवस मी तेवढंच करत होते. वरण करपलं, तपासायच्या वह्या तशाच पडल्या. दोराचे घट्टे पडलेले तिचे तळवे, लिंबाच्या साली, खिडकी उघडायची की नाही हे ठाऊक असणारी तिची नजर, सगळं त्यात आलं. शेवटी लिहिलं की या थकल्या हातांना आता विसावा लाभो. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

रविवार आला. आत्या पहिल्या बाकावर बसली होती, ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून. काम न करता बसायची सवय नसल्यामुळं तिचे हात मांडीवर सारखे काहीतरी पुसत होते. मी पुढं उभं राहून मानपत्र वाचलं. कागदावरून मान वर केली नाही, वर केली तर आवाज भरून येईल म्हणून. मागं बायका डोळे टिपत होत्या. साळवेसाहेबांनी चष्मा काढला. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. पाळकीणबाईंनी आत्याच्या खांद्यावर शाल घातली.

मग सेवेच्या वस्तू मेजावर गेल्या, प्रार्थना झाली आणि परत द्यायला सुरुवात झाली. याकोबमास्तरांना पेटी मिळाली. तुमची सेवा चालू राहो. बाईंना खडूची डबी मिळाली. तुमची सेवा चालू राहो. आत्या पुढं झाली आणि तिनं दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं केले. पाळकसाहेबांनी जुडगा उचलला. क्षणभर तो त्यांच्या हातात वाजला. मग त्यांनी तो बाजूला उभ्या असलेल्या साळवेसाहेबांकडं दिला आणि म्हणाले, आपल्या मार्थाआत्या आजपासून सेवेतून निवृत्त होत आहेत, देव त्यांना विसावा देवो. टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं तिला माहीत आहे. लोकांना वाटलं हे तिच्याच मर्जीनं चाललंय, कारण नाहीतर एवढं सुंदर मानपत्र कोण कशाला लिहील?

आत्याचे हात तसेच पुढं होते. किल्ल्या तिच्यापासून एका वितीवर होत्या, पण नियम तिला सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होता. मेजावर ठेवलेलं आपण होऊन घ्यायचं नाही. तिनं हात हळूच खाली घेतले, शालीच्या आत नेले आणि जागेवर येऊन बसली. सेवकांच्या पंगतीत तिला पहिल्यांदा वाढलं. तिनं सगळं जेवण संपवलं. पानात टाकलेलं तिला कधी चालायचं नाही.

महिन्याभरात तिची खोली पाडली. तिथं आता गाड्या लावायला पत्र्याचं शेड आहे. पावसात साळवेसाहेबांची गाडी कोरडी राहते. घंटेचा दोर वर गुंडाळून ठेवला आणि मोबाईलमधली घंटा कर्ण्यावरून वाजू लागली. पहिल्याच रविवारी शब्बीरभाई दुकानातून उठून फाटकाशी आले. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, आज घंटी कौन बजाया? मार्थाबाई बीमार है क्या? आमच्यातल्या कुणी नाही, पण रस्त्यापलीकडच्या त्या माणसानं विचारलं.

मी साळवेसाहेबांशी भांडले. म्हणजे भांडायला गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, मॅडम, मान राखूनच केलं ना सगळं? आधी सांगितलं असतं तर रडारड झाली असती. आणि एवढा मान तर आजवर कुठल्या पाळकालाही मिळाला नाही. मी तणतणत बाहेर आले.

कुणी शिवी दिली तर शिवी परत देता येते. ढकललं तर उलटून पाहता येतं. पण शाल घालून, टाळ्या वाजवून, सगळ्यांसमोर आभार मानून कुणी दाराबाहेर नेऊन सोडलं तर माणूस कुणाच्या नावानं ओरडणार? ज्यांनी तिचे आभार मानले त्यांतले निम्मे खरंच मनापासून मानत होते, हे तर जास्तच वाईट. त्या बायकांचे अश्रू खोटे नव्हते. त्या अश्रूंच्या आड मागची खोली पाडायचा ठराव मात्र खुशाल बसला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो केस माझ्या डोक्यावरचा निघाला. माझं मानपत्र नसतं तर त्यांना तिला साध्या भाषेत सांगावं लागलं असतं. साध्या भाषेत ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं.

आत्या लासूर स्टेशनला प्रकाशकडं राहायला गेली. तो तिथं कांद्याच्या आडतीवर कामाला आहे. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. ती नातवंडांचं बोलायची, बाजारभावाचं बोलायची, चर्चचं कधी नाही. मला तिनं एका शब्दानंही विचारलं नाही. मी मात्र दर वेळी तयारी करून जायचे, की तिनं विचारलं तर सांगीन, आत्या, त्यांनी माझाही घात केला. तीन वर्षं मी ते वाक्य तिच्या ओट्यावर नेलं आणि तसंच परत आणलं.

यंदा सीताफळं लवकर आली. आणि साळवेसाहेबांचा फोन आला. आवाज तोच मधाळ. याकोबमास्तरांचा सत्कार करायचा आहे, मॅडम. तरुण संघानं नवा कीबोर्ड घेतलाय. मास्तरांचे हात आता थरथरतात, त्यांनाही जरा विसावा हवा. मानपत्र तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मंडळीच्या कामाला नाही म्हटलं. पुढं हेही म्हटलं की मी पुन्हा कधीच लिहिणार नाही, दुसरं कुणी बघा. फोन ठेवला तेव्हा छाती फुगली होती. नवऱ्याला सांगितलं. तोही शाबास म्हणाला. आत्याला कधी सांगते असं मला झालं, आणि शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी लासूरला गेले.

रूळांच्या दोन्ही बाजूंना मका काढून झालेली रानं उघडी पडली होती. कापसाच्या बोंडांतून पांढरं डोकावत होतं. आत्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सलाम आत्या, म्हणून मी शेजारी बसले. तिच्या कमरेला अजून ती मोठी सेफ्टी पिन होती. तिला काही अडकवलेलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. साळवेसाहेब काय म्हणाले, मी कसं ठणकावलं. जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. ती शेंगा फोडत ऐकत होती.

"बरं केलंस," ती म्हणाली. पुढची शेंग फोडली. "याकोबला सांगितलंस का?"

मास्तरांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाही म्हटलं, हात झटकले, माझं पान स्वच्छ झालं, एवढंच.

"नाय सांगितलंस," ती म्हणाली. "मग तू नाय लिहिलं तर दुसरा कुणी लिहीन. त्याला काय फरक पडायला?"

ओसरीवर नातवंडं खेळत होती. ती शेंगा फोडायची थांबली. "तुला तव्हा माहीत व्हतं का नाय, हे मी कधी विचारलं नाय, शीले. आता बी विचारत नाय. पण आदल्या दिवशी कुणी येऊन सांगितलं असतं ना, तर मी किल्ल्या खोलीतच ठिवून आले असते. मग मागायला त्यांना माझ्या दारात यावं लागलं असतं. माझ्या तोंडाकडं बघावं लागलं असतं."

तीन वर्षं पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच विरघळलं. कारण त्या दिवशी कँटीनमध्ये साळवेसाहेब आणखी काय बोलले होते ते मी विसरले नव्हते, मी ते फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या खोलीच्या जागी पार्किंग करायचं चाललंय, असं ते म्हणाले होते. मी मान डोलावली होती. बघू, कधीतरी होईल, आत्याला काय आज लगेच उठवणार आहेत, असं मनाशी म्हणून मी पहिल्या वाक्यात परत शिरले होते. विचारलं असतं तर मानपत्र लिहायचं राहिलं असतं, आणि मला ते लिहायचं होतं.

"पार्किंगचं माहीत होतं, आत्या," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "तुझ्या वाचण्यावरून कळलं मला. एवढं लांबलचक वाचलंस, पण माझ्याकडं एकदा बी बघितलं नाय."

ती आत गेली आणि फोडलेले दाणे एका पिशवीत बांधून घेऊन आली. पिशवी माझ्या हातात दिली. गाडी चुकंल, ऊठ, म्हणाली.

परतीच्या गाडीत दौलताबादला फळवाल्या बायका चढल्या. डब्यात तोच वास भरला. या वेळी मी जागा बदलली नाही. इतकी वर्षं मी त्या वासावर रागावले होते, मंडळीवर रागावले होते, साळवेसाहेबांच्या गाडीवरच्या पत्र्यावर रागावले होते, आणि त्यांतलं काहीच चुकीचं नव्हतं. फक्त त्या यादीत एक नाव लिहायचं मी टाळत आले होते.

स्टेशनवरून घरी न जाता मी रिक्षा छावणीत नेली. याकोबमास्तरांच्या अंगणात ऊन कलंडलं होतं. सणाच्या आदल्या दिवशी ते चर्चची पेटी घरी आणून पुसतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. भाता उघडून ते फडक्यानं घडीघडीतली धूळ टिपत होते. हात थरथरत होते खरे, पण पट्ट्यांवर आले की थांबायचे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ये, ये. सलाम," ते म्हणाले. "मानपत्राचं कळलं मला. तूच लिहिलं असशील. आजच एकदा वाचून दाखव की, म्हणजे उद्या सगळ्यांसमोर रडू येणार नाही."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि या वेळी मान वर ठेवली.

"मास्तर," मी म्हणाले, "उद्या पेटी मेजावर ठेवू नका."